मामांनी बुजवलेले झरोके

सूर्य उगवल्यावर गावात एकही दिवा चालू राहता कामा नये, ही जबाबदारी परमेश्वराने आमच्या मामेसासऱ्यांवर टाकलेली आहे, आणि ती पार पाडताना त्यांनी आजवर एका दिवसाचीही रजा घेतलेली नाही. हे माझ्या बायकोचे सख्खे मामा. लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन रहिमतपूरच्या अलीकडच्या आपल्या गावी आले, त्याला आता बरीच वर्षं झाली. सरहद्दीवर ते कोणाशी कसे लढले हे त्यांनी कधी नीट सांगितलं नाही. गावी आल्यावर मात्र विजेच्या उधळपट्टीशी त्यांनी जे युद्ध पुकारलं ते अजून चालू आहे. सकाळी फिरायला निघाले की कुणाच्या ओसरीवरचा बल्ब, कुणाच्या गोठ्यातली ट्यूब, देवळातली माळ, असं एकेक टिपत जातात. त्यासाठी घर ओळखीचं असायला हवं असं काही नाही. दार उघडं दिसलं की आत हात घालायचा, बटण खाली पाडायचं आणि चालू लागायचं. या मोहिमेत अंगाला साबण लावून बसलेल्या किती माणसांना त्यांनी न्हाणीघरात अंधारात टाकलं असेल याची गणती नाही. आतून आरडाओरडा झाला की ते बाहेरून शांतपणे विचारतात, "आंग काय डोळ्यांनी धुता व्हय?"

आमच्या लग्नाचा मुहूर्त भर दुपारचा होता. कार्यालयाच्या सगळ्या खिडक्या उघड्या आणि तरी झुंबरं पेटलेली, हे पाहून मामांना राहवेना. मंगलाष्टकं सुरू झाल्यावर सगळ्यांचं लक्ष अंतरपाटाकडे आहे असं पाहून त्यांनी मुख्य बटणच खाली ओढलं. झुंबरं गेली, त्याबरोबर पंखे गेले, माईकही गेला. भटजी दचकले, पण गडी पट्टीचा, त्याने पुढची अष्टकं नुसत्या गळ्यावर म्हटली. नंतर माझ्या सासऱ्यांनी मामांना फैलावर घेतलं तेव्हा मामा म्हणाले, "आवाज खणखणीत हाय की भटजींचा. त्याला कशाला पायजे करंट?" भटजी मात्र खूश झाले होते. आजही भेटले की त्या लग्नाची आठवण काढतात.

पुण्याला आमच्या घरी आले की फ्रिज हा त्यांच्या काळजीचा विषय. आपण दार उघडतो आणि मग काय घ्यायचं याचा विचार करत उभे राहतो. मामांच्या मते हा सरळसरळ शिस्तभंग. आधी बाहेर उभं राहून काय हवं ते मोठ्याने म्हणायचं, ते कुठल्या कप्प्यात आहे ते आठवायचं, मगच दार उघडायचं. माझी मुलगी त्यांच्यासमोर मुद्दाम ताठ उभी राहून "दूध, लिंबू, कोथिंबीर, दुसरा कप्पा, उजवा कोपरा" असं म्हणून दाखवते तेव्हा त्यांना पोरीचं भविष्य उज्ज्वल दिसायला लागतं. एसीचं मात्र नाव काढायची सोय नाही. आमच्या झोपायच्या खोलीत एसी बसवलाय हे कळलं त्या रात्री ते बाहेर सतरंजीवर झोपले आणि सकाळी चहा पिताना म्हणाले, "मंजी तुमी खिडकीला नोकरीवरनं काढून टाकली म्हना की."

अशा माणसाला आयुष्यात एकच वेड पुरायला हवं होतं. पण मामांना दुसरंही होतं. गावाच्या मधोमध एक जुनी धर्मशाळा आहे. काळ्या दगडाच्या जाडजूड भिंती, वर सागवानी कैच्या, त्यांवर मंगलोरी कौलं आणि पुढे ऐसपैस पडवी. वाटसरू मुक्कामाला यायचे थांबले तसं तिथे वाचनालय आलं, आणि अलीकडे स्पर्धा परीक्षांना बसणारी पोरंपोरी येऊ लागली म्हणून मोठ्या खोलीची अभ्यासिका झाली. मामा या वाचनालयाचे चिटणीस. बैल विकत घेणारा माणूस जसा त्याच्या पाठीवर थाप मारतो तशी ते रोज येताना त्या भिंतीवर थाप मारतात. तिला खिळा मारायला त्यांनी सक्त मनाई केलेली. त्यामुळे तिथलं कॅलेंडर खांबाला सुतळीने बांधलेलं असतं, घड्याळ टेबलावर उताणं पडलेलं असतं आणि वेळ बघायला वाकावं लागतं. "शांतता राखा" ही पाटी एका खुर्चीवर बसवलेली आहे. कितीही गर्दी झाली तरी त्या खुर्चीवरून पाटीला कोणी उठवत नाही.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडावर ही दोन वेडं एकमेकांवर येऊन आदळली. गावाला ऊर्जाबचतीची कसलीशी योजना मंजूर झाली आणि तिच्यातून अभ्यासिकेचं काम करायचं ठरलं. ऊर्जाबचत हा शब्द ऐकूनच मामांनी सरपंचबाईंना पेढे नेऊन दिले. मग इंजिनियरने नकाशा आणला. कैच्यांच्या खाली थर्माकोलचं खोटं छत, सागवानी खिडक्या काढून तिथे सरकत्या काचा, पुढच्या उतारावर कौलांवर सौर पॅनेल आणि आत एसी. खोली जितकी बुटकी आणि बंद तितकी ती गार ठेवायला वीज कमी, हा इंजिनियरचा हिशेब काही चुकीचा नव्हता. मामांनाही तो पटला, आणि पटला म्हणूनच ते त्या दिवशी जेवले नाहीत. मला फोन केला. "जावईबापू, वीज वाचतीय आन् इमारत मरतीय. मी कुनाच्या बाजूनं उभं ऱ्हाऊ?" पुण्यात बसून सल्ला द्यायला काय जातं! मी म्हटलं, "मामा, दोन्हीचा समन्वय साधायला हवा." पलीकडून उत्तर आलं, "आवं, समन्वय काय वान्याच्या दुकानात मिळतो व्हय?"

सरपंचबाईंची बाजूही खोटी नव्हती. एप्रिलच्या दुपारी त्या खोलीत बसवत नसे. पंखे होते, पण ते वरची गरम हवा खाली आणून डोक्यावर ओतायचे. पोरं उठून ओढ्याकाठच्या चिंचेखाली जाऊन बसत, त्यांचं बरं होतं. पोरींना ती सोय कुठली? त्यांच्यात सुप्रिया म्हणून एक होती, माण तालुक्यातल्या मेंढपाळ घरातली. लहानपण मेंढरांमागे गेलेलं, आता मावशीकडे राहून फौजदार व्हायच्या परीक्षेचा अभ्यास करायची. ओढणी भिजवून डोक्याला गुंडाळायची आणि दिवेलागणीपर्यंत जागची हलायची नाही. ऊन तिला नवं नव्हतं, पण त्या कोंडीपुढे तीही टेकीला आली. एका दुपारी तिच्या नाकातून रक्त आलं, पुस्तकावर पडलं. मामा पाणी घेऊन धावले. डोकं वर करून बसल्या बसल्या ती म्हणाली, "मामा, तुमी इमारत जपा, माझं काय म्हननं न्हाई. पर माझ्याकडं दोनच वरसं हायत. मग वय निघून जातंय."

मामांनी तिच्याकडे आठ दिवस मागितले. तेवढ्यात काहीतरी वाट काढतो म्हणाले. इंजिनियरला थोपवलं आणि स्वतः रोज भर दुपारी अभ्यासिकेत खुर्ची टाकून बसू लागले. म्हातारी माणसं सांगत की पूर्वी ही धर्मशाळा इतकी गार असायची की दुपारी टेकलेला वाटसरू दिवस कलल्याशिवाय उठत नसे. मग हिला आता झालं काय? मामा घाम पुसत भिंतींकडे, कैच्यांकडे, कौलांकडे बघत बसायचे. चिटणीस उन्हाने भ्रमिष्ट झाले असं पोरं कुजबुजायला लागली. आणि असंच बघता बघता एका दुपारी त्यांची नजर कौलांच्या खाली, भिंतीच्या माथ्यावर गेली. काळ्या दगडात ओळीने करड्या सिमेंटचे चौकोन होते.

ते झरोके होते. गरम हवा वर चढून त्यांतून निघून जावी म्हणून बांधणाऱ्याने ठेवलेले. आणि ते बुजवले होते खुद्द मामांनी. चिटणीस झाले त्याच वर्षी कोणीतरी वाचनालयाला कूलर भेट दिला होता. विकतची गार हवा झरोक्यांतून फुकट बाहेर चालली आहे हे बघून मामांचा जीव खालीवर झाला. गवंडी बोलावला, स्वतः खाली उभं राहून हुकूम सोडले आणि एका दुपारी सगळे झरोके सिमेंटने बंद करून टाकले. दुसऱ्या उन्हाळ्यात कूलर मेला. झरोके तसेच राहिले. भिंतीला खिळा लागू न देणाऱ्या माणसाने त्याच भिंतीचं नाक इतकी वर्षं दाबून धरलं होतं. गावात हे कोणाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण सुभेदारांना सांगणार कोण?

त्यांना दुसऱ्या कोणी सांगायची वेळच आली नाही. ग्रामपंचायतीच्या पुढच्या बैठकीत ते सावधान उभे राहिले आणि म्हणाले, "ह्यो गुन्हा माझा हाय. वीज वाचवाय गेलो आन् इमारतीचा श्वास कोंडला. मी बुजवलं, मीच उघडनार. तेवढं ते खोटं छत घालू नगा." सरपंचबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "मामा, उघडा की," त्या म्हणाल्या. "पर नकाशा बदलायचा म्हंजी परत मंजुरी आली. उन्हाळा काय आपल्या ठरावाची वाट बघतोय व्हय?" तरी त्या बाईने खटपट केली. छत रद्द झालं, काचा रद्द झाल्या, एसीही रद्द झाला, पॅनेल कौलांवरून उतरून मागच्या सायकलींच्या शेडवर गेलं. पण त्यात दिवस जात राहिले. मामांनी मागितलेल्या आठ दिवसांचा महिना झाला, महिन्याचे दोन होऊ लागले.

झरोके उघडले तेव्हा पहिल्यांदा आत आली ती कबुतरं. त्यांनी दोन दिवसांत इतिहासाच्या पुस्तकांची जी अवस्था केली ती सांगण्यासारखी नाही. मग जाळी आणून बसवली. कौलांना चुना फासायचं मामांच्याच डोक्यातून निघालं, आणि ते साहजिकच होतं. जे हलतं त्याला सलाम ठोकावा आणि जे हलत नाही त्याला चुना फासावा, हे फौजेतलं शिक्षण. पांढऱ्या कौलांवर ऊन कमी तापतं, आणि चुन्याने जुन्या कौलाला इजा होत नाही. एका सदस्याने शंका काढली, "पावसात धुऊन जाईल की ओ. मंजी दरवर्षी लावायचा?" मामा म्हणाले, "दाढी काय जल्मात एकदाच करता व्हय?" सगळं झालं तेव्हा खोली थंडगार झाली असं मी म्हणणार नाही. पण दुपारी तिथे माणसाला बसता येऊ लागलं. शेडवरच्या पॅनेलच्या विजेवर पंखे फिरू लागले आणि वरची गरम हवा झरोक्यांवाटे निघून जायला लागली.

हे सगळं झालं तेव्हा वळीव पडून गेले होते आणि सुप्रियाची खुर्ची रिकामी होती. मे महिन्याच्या सुरुवातीलाच ती पुण्याला गेली. जायच्या दिवशी पुस्तकं परत करायला आली, मामांच्या पाया पडली आणि म्हणाली, "राग न्हाई माझा मामा. पर आता थांबता येत न्हाई." मामांनी तिला अडवलं नाही. मी जूनमध्ये गावी गेलो तेव्हा त्यांनी मोठ्या हौसेने मला अभ्यासिका दाखवली, झरोके दाखवले, जाळी दाखवली. मग पडवीत येऊन बसले. मी म्हटलं, "मामा, इमारत तर वाचवलीत." ते म्हणाले, "इमारत काय, आनखी धा वरसं थांबली असती. तिला काय घाई हाय? पोरीचं वय थांबत न्हाई. मी दोघींस्नी एकच घड्याळ लावलं, जावईबापू. तितं चुकलं."

समन्वय वगैरे शब्द या वेळी मला आठवलेही नाहीत. निघताना मामांनी माझ्या हातात सुप्रियाचा पत्ता दिला. तिच्या मावशीकडून मागून आणला होता. "पुन्यात ती कुटं बसती, जरा बघून या," म्हणाले. "खिडकी हाय का तिला, तेवढं बघा."

पुढच्या रविवारी मी गेलो. पेठेतल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर अभ्यासिका होती. लांबलचक खोली, प्रत्येकाला फळ्या लावून केलेला हातभर कप्पा आणि कप्प्यात मान खाली घातलेलं एकेक पोर. खिडक्या होत्या, पण रस्त्याकडे लक्ष जाऊ नये म्हणून त्यांच्या काचांना काळा कागद चिकटवलेला. भर दुपारी सगळ्या ट्यूब जळत होत्या, आणि एसी असा की पोरं स्वेटर घालून बसली होती. सुप्रियाच्या अंगावर शाल होती. मला बघून ती बाहेर आली, आम्ही जिन्यात उभं राहून चहा घेतला. झरोके उघडल्याचं सांगितलं तर तिला मनापासून आनंद झाला. "माझी मावसभन आता तितं बसती," म्हणाली. "दुपारचीबी उठत न्हाई म्हनं." आपलं कसं चाललंय हे विचारल्यावर म्हणाली, "हितं अभ्यास हुतोय," आणि घड्याळाकडे बघून आत गेली.

खाली रस्त्यावर येऊन मी मामांना फोन लावला. एका घंटीत उचलला.

"हाय का खिडकी?"

खोटं सांगावं असं क्षणभर मनात आलं, पण या माणसाशी खोटं बोलवत नाही. म्हटलं, "आहे. पण काळा कागद लावून बंद केलीय. दिवसभर दिवे चालू आणि एसी."

खिडकीवरून, दिव्यांवरून आता तोफखाना सुरू होणार म्हणून मी फोन कानापासून जरा लांब धरला.

"पोरीला गार वाटतं न्हवं?" त्यांनी विचारलं.

"वाटतं."

"अभ्यास हुतो?"

"होतो म्हणाली."

"मग ऱ्हाऊ द्या चालू," मामा म्हणाले. "तिची परीक्षा हुईस्तवर तरी."