फरशीवरची ओली पावलं

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण माने सरांचं आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी चढलो ते त्यांच्यामुळे. विज्ञानाच्या तासाला ते ओल्या फडक्याने फळा पुसायचे आणि तो वाळेपर्यंत आम्हांला नुसतं बघायला लावायचे.

"पाणी कुठे गेलं?"

"संपलं, सर!" आम्ही ओरडायचो.

"संपत नाही रे गाढवांनो! वाफ होऊन हवेत जातं. दिसत नाही, पण असतं."

परवा त्यांना भेटायला गेलो. सर आता कुणालाच ओळखत नाहीत. आंघोळ करून ते खुर्चीत येऊन बसले आणि शहाबादी फरशीवरच्या स्वतःच्याच ओल्या पावलांकडे बघून दचकले.

"कोण आलंय घरात?"

"तुम्हीच आलात हो. दुसरं कोण येतंय आपल्याकडे?" काकू म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून ओशाळल्या.

पावलं वाळू लागली. पाणी जाताना आवाज होत नाही. आधी कडा जातात, मग टाचा, मग एकेक बोट. बघणाऱ्याला फक्त बघता येतं. न राहवून मी विचारलं, "सर, पाणी कुठे गेलं?"

त्यांनी कोरड्या फरशीकडे बराच वेळ पाहिलं.

"संपलं," ते म्हणाले.

घरी येऊन मी त्यांना पत्र लिहिलं. ते काकूच उघडतील.

"आदरणीय सर, पाणी संपत नाही, हे तुम्हीच शिकवलंत. म्हणून आज निघेपर्यंत मी तुमच्या खोलीतल्या हवेकडे बघत होतो. काही दिसलं नाही, सर."