तलाठ्याचा पाहुणचार

"कप माझे. बशा माझ्या. खुर्ची रेवणसिद्ध मास्तरांची. सतरंजी अमीनाबीची. आता मला सांगा आक्का, त्या खोलीत तुमचं काय व्हतं?"

"चहा माझा व्हता," पुतळाबाई म्हणाल्या. "साखर बी."

"साखर बी!" विठाबाईंनी कपाळावर हात मारला. "लई मोठं काम केलं! अवो, निराधाराची चौकशी व्हती ती. ह्या बाईला खायाला हाय का न्हाय हे बघाया आला व्हता तलाठी. आन् तुमी त्याला दोन चमचे साखर घालून चहा पाजला!"

"दोन न्हाय. दीडच."

"आक्का!"

"दारात आलेल्या मानसाला बिनसाखरेचा देऊ?"

"पानी द्यायचं! पितळी तांब्यातलं न्हाय, त्या चेपलेल्या जर्मनच्या गडव्यातलं! जमिनीवर बसवायचं! रडायचं जरा!"

"पाहुण्यापुढं रडू?"

"पाहुना न्हवता तो, सरकार व्हता!"

उस्मानाबादच्या दर्ग्यामागच्या बोळात ही तकरार सकाळपासून चालली होती, आणि बोळातल्या बायका नळाचं निमित्त काढून एकेक करून ऐकून जात होत्या. निराधारांना सरकार महिन्याचा पगार देणार, ही बातमी तेव्हा नवी होती. खरं तर ते अनुदान. पण बोळात त्याला पगारच म्हणत. विठाबाई भाजी विकायच्या, कचेरीच्या भिंतीलाच त्यांची पाटी असायची, त्यामुळं कोणत्या टेबलावर काय चालतं हे त्यांना पाठ. पुतळाबाईंचा अर्ज त्यांनीच लिहवून घेतला, अंगठा त्यांनीच उठवून घेतला, दाखल्यासाठी सारा उन्हाळा त्यांनीच उंबरे झिजवले. आणि नेमकी चौकशी आली त्या दिवशी त्या येडशीच्या बाजाराला गेलेल्या.

पुतळाबाई मूळच्या भूमजवळच्या ईटच्या. बहात्तरच्या दुष्काळात विहिरीच्या तळाला चिखलही राहिला नाही, तेव्हा नवऱ्याच्या, कोंडीरामच्या मागून डोक्यावर गाठोडं घेऊन उस्मानाबादला आल्या. दोघांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली, तिथं मिळायची ती सरकारी सुकडी खाल्ली. पुढं कोंडीरामला सोसायटीच्या गोदामात हमाली लागली, आणि पुतळाबाई तिथंच तूर निवडायला बसू लागल्या. लेकरू झालं नाही. एका हिवाळ्यात कोंडीराम छाती धरून पोत्यावर बसला तो उठलाच नाही. मग घराघरांतून दाणे निवडून द्यायचं काम पुतळाबाईंनी धरलं. पण डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि त्यांनी निवडलेल्या डाळीत खडे राहू लागले. कुणाच्या तरी सासऱ्याचा दात पडला. तेव्हापासून बोलावणं बंद. आता चूल पेटायची ती विठाबाईंनी उरलीसुरली भाजी आणि भाकरी आणून दिली तर. विठाबाईंचंही पोट हातावरच. पगार मंजूर झाला तरच पुतळाबाईंचं पुढचं निभणार होतं, हे बोळातल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं.

"उद्या तुमच्या घरी माणूस येईल," असं शिपाई सांगून गेला, तेव्हा बाकी सगळं पुतळाबाईंच्या कानावरून गेलं. एवढंच आत शिरलं, की घरी माणूस येणार. कोंडीरामच्या दहाव्यानंतर त्या उंबऱ्याच्या आत कुणी टेकलं नव्हतं. विठाबाईसुद्धा भाकरी द्यायच्या त्या दारातूनच, पाटी डोक्यावर ठेवून.

पुतळाबाई रात्रभर उठून बसत होत्या. सकाळी जमीन सारवली. मास्तरांच्या घरून खुर्ची आणली, अमीनाबीकडून सतरंजी. अमीनाबी म्हणाली, "कौन आरा जी?" तर पुतळाबाई लाजून म्हणाल्या, "पाहुनं." विठाबाईंच्या सुनेकडून कप आणले आणि पुसून पुसून पालथे घातले.

तलाठी शिवशरण तरुण होता, सज्जन होता. चप्पल बाहेर काढून आत आला. त्यानंच आधी विचारलं, "आजी, बरं आहे ना?" चहा प्याला, बशीत ओतून, शेवटच्या थेंबापर्यंत. मग मांडीवर कागद घेऊन म्हणाला, "तुमचं कोण कोण आहे, आजी?"

किती वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. खुर्चीत बसलेला, तोंड पुसून निवांत झालेला माणूस विचारत होता आणि उत्तराची वाट बघत होता. कुणी नाही, असं त्याला सांगायचं? पाहुण्याला रिकाम्या हातानं पाठवल्यासारखंच झालं असतं ते.

"हायत की," पुतळाबाई म्हणाल्या. "ईटला माझा भाऊ हाय. आबाराव. पंचमीला गाडी जुंपून येतो न्यायला. म्या म्हनते, कशाला रं येवढ्या लांबून, तर आयकत न्हाय. भाचे हायत दोन. थोरला उत्तरेश्वर, तो तर आत्या आल्याबिगर अंगाला हळद लावून घेईना. नवरदेव मांडवात आन् हळद तशीच वाटीत! धाकटा जवारी घेऊन येतो सुगीला. आसं पोतं टाकतो हितं, धाडदिशी."

"छान," तलाठी लिहिता लिहिता म्हणाला. "धरून आहेत म्हणायची माणसं."

"व्हय. धरून हायत," म्हणताना पुतळाबाईंचा आवाज भरून आला, आणि तो आवाज त्याला खराच वाटला.

खरं ते असं: आबाराव वारल्याला पाच-सहा वर्षं झाली होती. पुतळाबाईंना कळलं तेही एस. टी. स्टँडवर, ईटच्या एका बाईकडून, तेरावा उरकल्यावर. उत्तरेश्वरच्या लग्नाची अक्षत त्यांना आली नाही. आणि पंचमी तर बोळातल्या पोरींच्या झोक्याकडं बघत निघून जायची.

"मेलेल्या भावाला गाडीत बसवून आनला तुमी," विठाबाई आता आवाज खाली घेऊन म्हणाल्या. नळावरच्या बायका पांगल्या होत्या. "असं कामून केलं वो?"

पुतळाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "त्यानं इचारलं म्हनून."

"बरं. झालं ते झालं. म्या तलाठ्याला गाठलंय. त्यो म्हनतो, बाईनं स्वता येऊन सांगावं, की मला कोनी न्हाय, आदी बोलले ते खोटं. मग त्यो कागद दुरुस्त करंल. आज मंजुरीच्या समितीपुढं जायच्या आदी. आज न्हाय तर गेलं पान्यात. चला."

वाटेनं विठाबाई शिकवत चालल्या. "काय म्हनायचं?"

"मला कोनी न्हाय."

"मोठ्यानं म्हना. मोटारीच्या आवाजात काय आयकू येतंय?"

"मला कोनी न्हाय."

"आसं! आन् हासू नगा."

"म्या कुठं हासले?"

"मग तोंड कशाला आसं केलं? चला, पाय उचला."

कचेरीच्या व्हरांड्यात निराधारांची रांग बसली होती. आंधळे, पांगळे, पांढऱ्या कपाळाच्या बायका. प्रत्येकजण आपापलं मोठ्यानं सांगत होता, कारण टेबलापलीकडचा कारकून कमी ऐकू येत असल्यासारखा पुन्हा पुन्हा विचारत होता. "कोणी नाही? नक्की कोणी नाही?" "न्हाय साहेब." "पुढं!" पुतळाबाई भिंतीला टेकून ऐकत राहिल्या.

शिवशरणनं त्यांना ओळखलं. उठून स्टूल दिलं. विठाबाईंनी मागून बरगडीत बोट खुपसलं.

"साहेब," पुतळाबाई म्हणाल्या, "मला..."

"थांबा आजी. आधी वाचून दाखवतो, म्हणजे काय बदलायचं ते नीट कळेल." त्यानं कागद काढला आणि वाचू लागला. "अर्जदार बाईचा भाऊ आबाराव हयात असून, दरवर्षी नागपंचमीस स्वतः गाडी घेऊन बाईस माहेरी नेतो. भाचे दोन. थोरला उत्तरेश्वर, बाईस फार मानतो. धाकटा सुगीस ज्वारी आणून देतो."

पुतळाबाईंनी मान वर केली. सरकारी शाईत, परक्या माणसाच्या तोंडून, भर कचेरीत ते सगळे जण एकेक करून येत होते. आबाराव हयात होता. उत्तरेश्वर मानत होता. रांगेतली एक म्हातारी त्यांच्याकडं वळून, हेवा वाटल्यासारखं बघू लागली.

"लई नशिबाची हायस गं बाई," ती म्हणाली.

"नशिबाची न्हाय, येडी हाय!" विठाबाई फुत्कारल्या. "सांगा आक्का. बोला लवकर."

शिवशरणनं पेन उघडलं आणि आबारावच्या नावावर नीब टेकवली. "मी एकदा विचारतो, तुम्ही फक्त हो म्हणा. समितीचे लोक आलेत आत, वेळ नाही. हे खोटं आहे ना, आजी? भाऊ नाही, भाचे विचारत नाहीत. खोडू ना हे?"

पुतळाबाई त्या नीबेकडं बघत होत्या. धुरकट डोळ्यांना अक्षरं दिसत नव्हती. काळी ओळ तेवढी दिसत होती, मुंगळ्यांच्या रांगेसारखी, कागदाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"आक्का, व्हय म्हना," विठाबाई म्हणाल्या. ह्या वेळी त्यांनी बोट खुपसलं नाही. नुसता हात खांद्यावर ठेवला. "तुमच्या पाया पडते. म्या किती दिस पुरनार हाय तुमाला?"

"आजी? खोडू का?"

पुतळाबाई स्टुलावरून उठल्या. पदर डोक्यावरून नीट घेतला, खांद्यावरचा विठाबाईंचा हात हळूच बाजूला केला, आणि रांगेतल्या माणसांचे पाय चुकवत, भिंत चाचपत, कचेरीच्या दारातून बाहेर उन्हात गेल्या.