छत्तीसपैकी शेवटच्या तीन

परभणी शहराच्या आकाशाचा इतिहास एकाच माणसाने नोंदवून ठेवला आहे, आणि त्या इतिहासातलं एका संध्याकाळचं पान कोरं आहे. त्या कोऱ्या पानाला आमचं घराणं जबाबदार आहे. हे मी अभिमानाने सांगत नाही, आणि लाजूनही सांगत नाही. घराण्याच्या नावावर दुसरं काही ऐतिहासिक नाही, म्हणून सांगतो.

हा इतिहास म्हणजे स्टेशन रोडवरच्या फोटोमामांनी काढलेले ढगांचे फोटो. त्याची सुरुवात मात्र अगदीच व्यवहारी होती. रोल छत्तीस फोटोंचा असे आणि मामांचा स्टुडिओ पासपोर्टच्या फोटोंवर चाले, त्यामुळे रोल संपता संपत नसे आणि गिऱ्हाईक पायरीवर बसून राही. असाच एक अडलेला रोल संपवायला मामा एकदा रस्त्यावर आले आणि त्यांनी उरलेल्या तीन फ्रेम आभाळावर खर्च केल्या. ते तीन फोटो आधीच्या तेहतीसांपेक्षा बरे आले. "ढगानं डोळे मिटले न्हाईत," एवढंच कारण त्यांनी दिलं. त्या दिवसापासून प्रत्येक रोलच्या शेवटच्या तीन फ्रेम आभाळाच्या झाल्या. रोल लवकर संपावा म्हणून काढलेली युक्ती हळूहळू रोल उशिरा संपण्याचं एकमेव कारण बनली, कारण आता तेहतीस माणसं होऊनही चांगला ढग येईपर्यंत रोल धुतला जात नसे.

"मामा, फोटो कधी मिळतील?"

"ढग आला की."

बाहेरगावच्या माणसाला हे उत्तर थट्टेचं वाटे. गावातली माणसं वर बघून घरी जात.

स्टुडिओच्या पाटीवरचं नाव उन्हाने उडून गेलं होतं. फक्त 'फोटो'तला 'टो' शिल्लक होता. मामांनी पाटी कधी रंगवली नाही. आत गिऱ्हाइकामागे लावायचा रंगवलेला पडदा होता. त्यावर निळंशार तळं, दोन हंस आणि मागे बर्फाचे डोंगर. आमच्या गल्लीत नळाचं पाणी यायचं तेव्हा शेजारी एकमेकांना हाका मारून सांगत. अशा गावात तळं बघून गिऱ्हाइकाला तहान लागणं साहजिक होतं. म्हणून मामांनी पडद्यालगत माठ ठेवला होता. काही जुन्या फोटोंत हंसाच्या बाजूला त्या माठावरचं ओलं गोणपाट दिसतं.

मामा लग्नाचे फोटो घेत नसत. "मांडवानं आभाळ झाकतंय," म्हणत. त्यामुळे वैशाखात गावातले बाकीचे फोटोवाले लग्नांच्या मागे जिंतूर-पाथरीकडे पांगत, तेव्हा मामा एकटेच गावात उरत. उन्हाळ्याचा शेवट हा त्यांचा खरा हंगाम. दुपारी चारनंतर डोक्याला ओला पंचा बांधून ते बाहेर पडत. टांग्याखाली झोपलेला टांगेवाला, गच्चीवर कुरडया वाळत घालून स्वतःही वाळत बसलेली म्हातारी, रसवंतीच्या चरकाचे घुंगरू, बसस्टँडवर एसटीच्या सावलीत उभी असलेली माणसं आणि एसटी निघाली की उघडी पडलेली तीच माणसं, हे सगळं ते डोळ्यांनीच टिपत. नामांतराच्या आंदोलनाची ती वर्षं होती, बंद वरचेवर असे. बंदच्या दिवशी मामा अर्ध्या ओढलेल्या शटरखालून वाकून बाहेर येत आणि मोकळ्या रस्त्याकडे तासभर बघत. कॅमेरा गळ्यात असे, पण बटणावर बोट क्वचितच जाई.

आवडलेल्या गोष्टीला मामांनी 'सुंदर' म्हटल्याचं मी ऐकलं नाही. ते भिंगाचा आणि वेगाचा आकडा सांगत. कॅमेऱ्यावर ती गोष्ट कशी घ्यावी लागेल, तो आकडा. रसवंतीतून उन्हात येणारी बाई दिसली की पुटपुटत, "सोळावर, अडीचशे." नव्या नवरीला बघून म्हणत, "साडेपाचवर, तीस." नवरीच्या आईला हे आवडत नसे. आणि बटण दाबताना ते 'हलू नका' म्हणत, समोर कोणीही असो. ढगालाही ते हेच सांगत, आणि अहोजाहो करूनच.

पाहुण्यांच्या बाबतीत मात्र हा आदर टिकत नसे. एकदा कुणा बड्या पाहुण्यांच्या हस्ते एका इमारतीची कोनशिला बसवली गेली आणि फोटोचं काम मामांकडे आलं. फोटोंत खाली एक पट्टीभर पाहुणे, हार आणि फेटे होते. वर तीन चतुर्थांश आभाळ. संयोजक चिडून आले.

"मामा, हे काय? साहेब केवढे दिसायलेत!"

"जेवढे हायेत तेवढेच," मामा म्हणाले. "बाकीच्याला मी काय करू?"

ती इमारत पुढे झाली नाही. आभाळ अजून आहे.

आता आमच्या घराण्याकडे येतो. वडील तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी नलूताई. तिला अध्यापक विद्यालयात जायचं होतं. घरात दुसरा विचार असा होता की पाथरीच्या एका स्थळाला 'हो' म्हणून टाकावं. वडिलांनी तोड काढली: या वर्षी प्रवेश मिळाला तर शिक्षण, नाही तर पाथरी. पाथरीबद्दल नलूताईचा काही राग नव्हता. तिला फक्त तिथे जायचं नव्हतं.

अर्जाला तीन फोटो लागत. नलूताईने मुदतीच्या आठ दिवस आधी मामांकडे फोटो काढला. ती त्या रोलवरची तेहतिसावी होती. रोहिणी निघाल्या होत्या, आभाळ मात्र घासलेल्या परातीसारखं लख्ख. ढगाचा ठिपका नाही. माझ्या काखेत सदा एखादं पुस्तक असे. मी रोज जाऊन विचारी आणि मामा मला पायरीवरूनच परत पाठवत, "पुस्तकवाले, वर बघून येत जा. खाली कशाला विचारता?"

नवं गिऱ्हाईक आलं तर "रोल भरला हाय" म्हणून तेही परत जाई. दुसरा रोल नांदेडहून यायचा होता. बाकीचे फोटोवाले लग्नांत होते. अशा रीतीने आमच्या ताईचं भवितव्य पूर्णपणे हवामानाच्या हाती गेलं.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी तीनच्या उन्हात वडील स्वतः छत्री घेऊन निघाले. मागे मी, माझ्यामागे नलूताई. वडील दुकानात शिरलेच नाहीत. समोरच्या लिंबाखाली उभं राहून त्यांनी कचेरीच्या आवाजात सुरुवात केली.

"मामा, ही काय पद्धत झाली? आज पाचला मुदत संपायली! तीन फ्रेम तशाच सोडा अन् रोल धुवा!"

"फिल्म फुकट घालवायची न्हाई, रावसाहेब."

"मग माझ्या पोरीचं वर्ष घालवायचं?"

 नलूताई पुढे झाली. ती रडली वगैरे नाही. शांतपणे म्हणाली, "मामा, आज फोटो न्हाई मिळाला तर मला पाथरीला जावं लागतंय."

मामांनी तिच्याकडे बघितलं. मग वर बघितलं, बराच वेळ. वर काहीही नव्हतं. ते आत गेले, कॅमेरा घेऊन बाहेर आले आणि तो माझ्या वडिलांवर रोखला.

"हलू नका."

वडिलांच्या तोंडातलं वाक्य अर्धंच राहिलं. दुसरी फ्रेम मामांनी माठाला दिली. तिसरी रिकाम्या आभाळाला. ती काढताना मात्र त्यांनी 'हलू नका' म्हटलं नाही. मग मला हाक मारली, "पुस्तकवाले, रसवंतीतून बर्फ आणा. पळा."

मे महिन्यात मामा रोल धुवायच्या औषधाच्या भांड्याभोवती बर्फ लावत. नाही तर फिल्मवरचा थर सायीसारखा सुटून येई. बर्फ आला, दार लागलं. फिल्म वाळवायला दोरीवर टांगली, तिला पंधरा मिनिटं लागली. या एका कामात आमच्या गावाची हवा कुणाला हार जाणार नाही. पाचला दहा मिनिटं कमी असताना ओलसर फोटो चिकटवलेला अर्ज नलूताईने खिडकीत दिला. आतल्या माणसाने मान वर न करता तो घेतला आणि बाकीच्या अर्जांखाली ठेवला.

त्याच संध्याकाळी ढग आला.

सूर्य मावळतीला टेकला होता आणि पूर्वेला, पिंगळीच्या बाजूला, तो उठला. आधी तांब्याएवढा, मग देवळाएवढा, मग ज्याच्याशी तुलना करावी असं परभणीत काही राहिलं नाही. समोरून उतरतं ऊन पडल्यामुळे त्याच्या घडी-घडीची कड तांबूस पेटली होती आणि खाली धुळीची एक लांब भिंत स्टेशनच्या दिशेने चालत येत होती. सायकलवाले खाली उतरले. टांगेवाला जागा झाला.  पाण्याचा थेंब पडला नाही. तो ढग पाण्यासाठी आलेलाच नव्हता.

मामा स्टुडिओच्या पायरीवर उभे होते. गळ्यात कॅमेरा, कॅमेऱ्यात रोल नाही. मी शेजारी जाऊन उभा राहिलो.  दहा मिनिटांनी ढगाचा रंग उतरला तेव्हा ते हळूच म्हणाले, "आठवर, एकशे पंचवीस." आणि आत जाऊन माठ भरू लागले.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी होती: अर्जाची मुदत आठ दिवसांनी वाढवली आहे. वडिलांनी ती दोनदा वाचली, पेपराची घडी घातली आणि आम्हा सगळ्यांना बोलावून सांगितलं, "हे मामांना कळता कामा नये." वडिलांनी घरात काढलेल्या हुकमांपैकी तंतोतंत पाळला गेलेला हा एकच. नलूताईला प्रवेश मिळाला. ती शिक्षिका झाली, आणि पहिली नेमणूक पाथरी तालुक्यात मिळाली. त्याला इलाज नव्हता.

वडिलांचा तो फोटो आज आमच्या भिंतीवर हार घालून आहे. दुसरा बरा फोटो नव्हता. त्यात ते छत्री उगारून कुणावर तरी चिडलेले आहेत. नवीन पाहुण्यांना वाटतं, आपल्यावरच.

पुढे गावात रंगीत फोटोंचं यंत्र आलं. तासाभरात फोटो मिळू लागल्यावर ढगाची वाट कोण बघणार? मामांनी स्टुडिओ बंद करून चारठाण्याला लेकीकडे जायचं ठरवलं. आवराआवरीला मी गेलो होतो. बुटाच्या खोक्यांत पाकिटं लावून ठेवलेली, प्रत्येकावर तारीख, वेळ आणि ढगाचं वर्णन: 'पिंजलेला', 'बैलाच्या वशिंडागत', 'आला पण थांबला न्हाई'. एका पाकिटावर लिहिलं होतं: 'ढग न्हाई. नलूबाईचा फॉर्म.'

ते पाकीट हातात आल्यावर मला राहवेना. वडील जाऊन वर्ष झालं होतं. हुकूम मोडायला हरकत नव्हती.

"मामा, एक सांगायचं राहिलं. त्या वर्षी मुदत वाढली होती."

"ठाऊक हाय," दोरी गुंडाळता गुंडाळता मामा म्हणाले. "दुसऱ्या दिवशी नांदेडहून रोल आला, अन् त्याच फॉर्मसाठी पोरींची रांग लागली. मुदत वाढल्याबिगर आल्या व्हय?"

"मग कधी बोलला नाहीत?"

"रावसाहेबांना कळलं असतं तर जिवाला लावून घेतलं असतं त्यांनी. सांगू नका तुमी घरी."

म्हणजे एवढी वर्षं वडील जी गोष्ट मामांपासून लपवत होते, तीच मामा वडिलांपासून लपवत होते. माझ्या मनात माणसाच्या थोरवीबद्दल एक भारदस्त वाक्य तयार होऊ लागलं. ते थोपवण्यासाठी मी विचारलं, "त्या नव्या रोलच्या शेवटच्या तीन फ्रेम? त्यात तरी चांगला ढग मिळाला का?"

मामांनी दोरीला गाठ मारली.

"कशाचा ढग? त्या पोरींतल्या तिघींनी डोळे मिटले व्हते. त्या तीनांत त्यांचेच परत काढावे लागले."