आठ बाटल्यांची चाचणी

डॉ. मुकुंद चौबळ गेले, हे मला सकाळी पावणेअकराच्या सुमारास कळलं. फोन सुमन म्हात्रे यांचा होता. डॉक्टरांच्या खालापूरच्या दवाखान्यात त्या बावीस वर्षं परिचारिका आहेत. सगळे त्यांना सुमनताई म्हणतात. "डॉक्टर गेले," एवढंच सांगून त्यांनी विचारलं, "बाहेर नऊ जण बसलेत. त्यांना काय सांगू?" जे झालं ते सांगा, असं मी म्हटलं. "ते सांगतेच. पण दोघांच्या तपासणीची आज तारीख आहे. ती करून घेऊ का?" मुकुंदला कर्जतच्या घरी, दवाखान्यात निघण्याची तयारी करताना हृदयविकाराचा झटका आला होता. वय अडुसष्ट. त्या दोघांची तपासणी सुमनताईंनी करून घेतली आणि मग दवाखान्याला कुलूप लावून त्या कर्जतला आल्या.

मी ज्या वर्तमानपत्रात तीस वर्षं काम केलं, तिथे बातमी मीच पाठवली. दहा ओळींची होती. छापून आली तेव्हा तीत एक वाक्य वाढलेलं होतं : 'त्यांनी असंख्य रुग्णांना बरे केले.' डेस्कवर कोणीतरी सवयीने घातलं असणार. अशी वाक्यं मीही शेकड्याने घातली आहेत. मुकुंदने त्यातला 'असंख्य' शब्द खोडला असता, कारण त्याच्याकडे संख्या होती. आणि 'बरे केले' यापुढे विचारलं असतं, हे कोण म्हणतं? दीड महिन्याने हा लेख लिहितो आहे तो त्या वाक्याची दुरुस्ती म्हणून.

आम्ही कर्जतला शाळेत एका वर्गात होतो. त्याचे वडील शिक्षक. तो मुंबईत कान-नाक-घशाचा डॉक्टर झाला, काही वर्षं तिथल्या मोठ्या रुग्णालयात राहिला आणि मग परत आला. कर्जतच्या एका रुग्णालयात आठवड्यातून दोन दिवस शस्त्रक्रिया आणि उरलेले दिवस खालापूरला, तहसील कचेरीपासून चालत पाच मिनिटांवर, दोन खोल्यांचा दवाखाना. बाहेर व्हरांडा आणि दोन बाकडी. रसायनीतले कामगार, आसपासच्या गावांतले भातशेती सांभाळून नोकरीला जाणारे लोक, टोलनाक्याजवळचे दुकानदार, शाळेतल्या बाई असे सगळे त्याच्याकडे येत. तक्रारी बहुतेक सारख्या. नाक बंद, कपाळ जड, तोंडाने श्वास, रात्रभर घोरणं, आणि वास न येणं. पुष्कळांच्या नाकात मांस वाढलेलं असे. औषधांनी भागलं नाही की मुकुंद दुर्बिणीतून ते काढत असे आणि सायनसची तोंडं मोकळी करत असे.

एकदा मी त्याला सरळ विचारलं होतं, कारखान्यांच्या हवेमुळे हे आजार वाढलेत, असं तुझ्या नावाने छापू का? मथळा माझ्या डोक्यात तयार होता. तो म्हणाला, "माझ्याकडे जे येतात ते आजारी असतात. जे आजारी नाहीत ते माझ्याकडे येत नाहीत. त्यांना मोजल्याशिवाय मी काय सांगू?" बातमी झाली नाही.

त्याला मोजायचं होतं ते दुसरंच. शस्त्रक्रिया झालेला माणूस महिन्याभराने बरा दिसतो. पण वर्षाने, दोन वर्षांनी, पाच वर्षांनी तो कसा असतो, हे छोट्या गावातला डॉक्टर सहसा विचारत नाही. परत न आलेला रुग्ण बरा झाला, असं धरून चालतो. मुकुंदने ते धरणं सोडलं. प्रत्येकाचं एक कार्ड दवाखान्यात, एक त्याच्या घरी, दोन्हींवर पुढच्या तारखा. तारखेला माणूस आला नाही तर सुमनताईंचा फोन. फोन लागला नाही तर रविवारी मुकुंद स्वतः जाई. घाटातल्या ठाकुरवाडीच्या थांब्यावर उतरून तो एका बाईला फक्त चार प्रश्न विचारायला गेला होता. ती म्हणाली, "बरं हाय मंग मी कशाला येऊ दवाखान्यात? तुमी येडं झालात काय डाक्टर?" हे त्याने मला हसत सांगितलं, आणि कार्डावर 'श्वास मोकळा' असं लिहिल्याचंही सांगितलं.

वासासाठी त्याने आठ बाटल्यांची चाचणी बसवली होती. तपकिरी काचेच्या छोट्या बाटल्या, आत वासाचा कापूस : लवंग, कापूर, सुका जवळा, हिंग, कॉफी, जिरं, निलगिरी, सुंठ. रुग्णाने डोळे मिटायचे, सुमनताईंनी बाटली नाकाशी धरायची, आणि समोर बसलेल्या मुकुंदने उत्तर लिहायचं. जवळ्याच्या बाटलीवर विनोद ठरलेले. "डाक्टर, ह्याच्याबरोबर एक भाकरी ठेवा रं," असं कोणीतरी म्हणेच. वर्ष होता होता बहुतेकांची उत्तरं बरोबर येऊ लागली. चार-साडेचार वर्षांपूर्वी त्याने निष्कर्ष लिहून काढले. श्वास सुधारतो हे सर्वांनाच ठाऊक होतं. त्याच्या रुग्णांचा वासही परत येत होता आणि टिकत होता. पुण्यातल्या एका परिषदेत तो हे मांडणार होता. नुसता वास गेल्याची तक्रार घेऊन येणाऱ्यांनाही मग तो शस्त्रक्रिया सुचवणार होता.

याच चाचणीच्या आधारावर त्याने एक पत्र दिलं होतं. खालापूरजवळच्या एका गावातला बाळाराम रसायनीच्या एका कारखान्यात पिंपं भरण्याच्या विभागात होता. गळती झाली तर यंत्र वाजण्याआधी नाकाला कळावं असं ते काम. वास गेल्यामुळे कारखान्याने त्याला घरी बसवलं होतं. मुकुंदने शस्त्रक्रिया केली. वर्षाच्या चाचणीत बाळारामने आठही वास ओळखले, आणि मुकुंदने लिहून दिलं, की याला वास येतो, जुन्या कामावर घेण्यास हरकत नाही. बाळाराम कामावर रुजू झाला.

त्यानंतर तीनेक महिन्यांनी, परिषदेच्या आधी काही दिवस, मी दुपारी त्याच्याकडे जेवायला म्हणून गेलो होतो. चाचण्या चालू होत्या. चौथी बाटली हुंगून एक बाई म्हणाल्या, "हिंग." सुमनताईंचा हात थांबला. त्या हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, हिच्यातला कापूस मी सकाळी बदलला. हिंग घालायचं राहून गेलं." मुकुंदने बाटली स्वतःच्या नाकाशी धरली. बाईंचं उरलेलं कार्ड पूर्ण केलं, त्यांना नमस्कार केला आणि पुढच्याला बोलावलं. चौथी बाटली तशीच रिकामी होती. तो गृहस्थही डोळे मिटून म्हणाला, "हिंग."

तो बाहेर गेल्यावर मुकुंद मला म्हणाला, "तू जरा बाकड्यावर जाऊन बस. रुग्ण म्हणून."

मी बसलो. शेजारी वावोशीकडचे एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पैल्यांदाच आलास काय रं? मंग ऐक. पैली लवंग, दुसरी कापूर, तिसरा जवळा. तो काय सांगाया नको म्हना. चौथा हिंग..." आठही त्यांनी बोटांवर मोजून दाखवले. मी विचारलं, पण वास येत नसेल तर तसं सांगायचं ना? त्यांना माझी कीव आली असावी. "आरं, नाय सांगितलं की डाक्टरचं तोंड उतरतं. बरोबर सांगितलं की लय खूश व्हतो. येवढं करतो तो मानूस आपल्यासाठी. आपन येवढं पन नाय करायचं?" पलीकडच्या बाकड्यावरची एक बाई म्हणाली, "मला तर सुंठ नि जिरं उलटसुलट व्हतं गं बाय, म्हनून मी लिवूनच आनलंय." तिने तळहात दाखवला. सगळे हसले.

मी आत जाऊन, बातमीदाराने सांगावं तसं, ऐकलेलं सगळं सांगितलं. "किती जण?" त्याने विचारलं. मी म्हटलं, बाकड्यावरचे सगळेच. मग म्हणाला, "तोंड उतरतं, असं म्हणाले?" दोन वेळा विचारलं. नंतर एकदम उठला आणि कपाटातून बाळारामचं कार्ड काढलं.

जेवण राहिलं. त्याच्या गाडीतून आम्ही बाळारामच्या गावी गेलो. बाळारामची दुसरी पाळी नव्हती, तो घरीच होता. अंगणात खुर्च्या आल्या. मुकुंदने खिशातून एक बाटली काढली, ती कोणती हे बाळारामला पाहू दिलं नाही, आणि त्याच्या नाकाशी धरली. बाळाराम बाटलीकडे न बघता मुकुंदकडेच बघत राहिला. शेवटी म्हणाला, "नाय येत, डाक्टर. पैल्यापासून नाय."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुमी कागद दिला नसता."

"अरे, तिथे गळती झाली तर तुला कळणार नाही. तू मरशील. तुझ्या बाजूचा मरेल."

"आनि घरी बसून काय व्हईल? दीड वरीस बसलो व्हतो ना, मला ठावं हाय." मग तो आवाज चढवून म्हणाला, "माझं नाक तुमी मोकळं केलंत, झोप लागाया लागली, मी नाय म्हनत नाय. पन तो कागद काढून घेनार असलात तर आमच्या दारात परत येऊ नका."

मुकुंदने कागद काढून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कारखान्यात गेला, आपलं पत्र चुकीचं होतं असं लेखी दिलं, आणि बाळारामला वासाशी संबंध नसलेलं काम द्यावं म्हणून व्यवस्थापकाच्या खोलीबाहेर दोन तास बसला. बाळारामला गोदामात घेतलं. जुन्या कामापेक्षा हलकं समजलं जाणारं. चूक पूर्ण आपली आहे, असं मुकुंदने पत्रात लिहिलं होतं. रुग्णाने उत्तरं पाठ केली होती, हे लिहिलं नव्हतं. मी त्याबद्दल विचारलं तेव्हा म्हणाला, "चाचणी मी बसवली. क्रम रोज तोच ठेवला. समोर तोंड करून मीच बसलो."

परिषदेतलं व्याख्यान त्याने मागे घेतलं. पुण्याहून त्याच्या एका मित्राचा फोन आला तेव्हा मी समोर होतो. एवढ्यासाठी सगळं कशाला काढतोस, मर्यादा म्हणून शेवटी एक परिच्छेद टाक, असं तो सांगत असावा. मुकुंदचं उत्तर मी ऐकलं : "मर्यादा नाही रे. चूक आहे." वासाचा रकाना त्याने प्रत्येक कार्डावर तांबड्या शाईने आडवा खोडला. सगळ्यांना पुन्हा बोलावलं. काही आले, काही रागावले, एक-दोघांनी दुसरा डॉक्टर गाठला.

नवी पद्धत त्याने सुमनताईंवर सोपवली. बाटल्यांचा क्रम रोज चिठ्ठ्या टाकून ठरे. आठपैकी एका बाटलीत नुसता कापूस असे. कॉफीची बाटली त्यासाठी बाद केली. बाकड्यावर ओळीने पढवणं त्यामुळे आपोआप बंद पडलं. आणि चाचणीच्या वेळी मुकुंद त्या खोलीत नसे. तो पलीकडच्या खोलीत बसे आणि सुमनताई मधलं दार लावून घेत. चाचणी संपली की दार उघडायचं, मग त्याने कार्ड बघायचं आणि काहीही न बोलता पुढची तारीख द्यायची. पहिले काही दिवस त्याला हे जड गेलं असावं. सुमनताई सांगतात, की आतून खुर्ची सरकल्याचे आवाज येत.

पुढच्या दोन-अडीच वर्षांत जे निघालं ते कमी होतं, पण टिकणारं होतं. श्वास, झोप, डोकेदुखी यांत बहुतेकांना खरोखर फरक पडलेला होता. वास काहींचा परत आला, काहींचा येऊन पुन्हा गेला, आणि पुष्कळांचा आलाच नाही. हे त्याने एका छोट्या वैद्यकीय नियतकालिकात छापलं. आधीचे निष्कर्ष का सोडून दिले, याचा परिच्छेद त्यात सगळ्यात मोठा आहे. नव्या रुग्णांना तो सुरुवातीलाच सांगू लागला, की नाक मोकळं होईल असं मला वाटतं, वासाचं मी सांगू शकत नाही. शस्त्रक्रिया कमी झाल्या. त्याबद्दल त्याने कधी तक्रार केलेली मला आठवत नाही. समाधानही दाखवलं नाही.

बाळाराम मात्र आला नाही. दोन वर्षांची तारीख गेली, तीनची गेली. त्याची बायको कमल सर्दीसाठी यायची, नवऱ्याचा विषय काढायची नाही, आणि मुकुंदही विचारायचा नाही. दारात येऊ नका असं सांगितलं होतं, म्हणून तो त्या गावी गेला नाही. एवढ्या एका कार्डावर त्याने 'माहिती नाही' असं लिहिलं आणि तसंच छापलं.

मुकुंद गेल्यानंतर कार्डं कर्जतच्या एका तरुण डॉक्टर बाईंकडे गेली आहेत. राहिलेल्या तारखा त्या पूर्ण करणार आहेत. त्यासाठी आठवड्यातून एकदा खालापूरचा दवाखाना सुमनताई उघडतात. मागच्या आठवड्यात मी काही कागद द्यायला गेलो होतो. बाकड्यावर बाळाराम बसला होता. केस पांढरे झालेले. मी ओळख दिली, त्याने मान हलवली. "पाच वर्षांची तारीख हाय माझी," म्हणाला, "कमलनं कार्ड जपून ठेवलं व्हतं."

सुमनताईंनी त्याला आत घेतलं. मी उंबऱ्याशी उभा होतो. त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या, बाटल्या ओळीने लावल्या, आणि मग, पलीकडच्या खोलीत कोणी नसतानाही, जाऊन मधलं दार लावून घेतलं. बाळारामने डोळे मिटले. पहिली बाटली. "नाय." दुसरी. "नाय." तिसऱ्या बाटलीला तो थोडा थांबला, खोल श्वास घेतला... "नाय." आठ वेळा त्याने तेच सांगितलं, घाई न करता, समोर रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून. सुमनताईंनी आठ वेळा लिहिलं. शेवटची बाटली बंद करून त्यांनी पेन ठेवलं, उठल्या आणि मधलं दार उघडलं.