साहेबांचं ताट आणि पॉमेरियनची वाटी

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. नांदेडकडच्या एका लहान गावात शिकलो, शाळेतल्या सरांनी धक्के मारून मारून बी.एस्सी. करवलं, आणि हैदराबादेत नोकरी लागली. त्या काळात बाजार नुकताच खुला झाला होता. रोज नवी कंपनी निघे. आमच्या कंपनीने शहराबाहेर टर्की पाळायला घेतल्या होत्या. कोंबडीपेक्षा कितीतरी मोठा, गळ्याखाली लाल कातडं लोंबणारा, चिडलेल्या तहसीलदारासारखा दिसणारा हा पक्षी लोकांनी खावा, म्हणून समजावत फिरणं हे माझं काम.

मी ते मनापासून करत असे. टर्कीच्या मांसात प्रथिनं भरपूर, कातडं काढलं तर चरबी अगदी कमी, शिवाय लोह, जस्त आणि ब गटातली जीवनसत्त्वं. माणसाला चांगलं, तसं कुत्र्या-मांजरांनाही. फक्त त्यांच्यासाठी नुसतं उकडायचं, हाडं वेचून काढायची, मीठ-मसाला नाही, कांदा-लसूण तर मुळीच नाही. हे सगळं मी एका पत्रकात लिहून साहेबांपुढे ठेवलं.

साहेब तेलुगू, पण माझ्याशी दखनीत बोलत. पत्रक वाचून म्हणाले, "क्या मियाँ, लोगां को खिलाने चला, खुद के घर में पकाया कब्बी?"

मी नकारार्थी मान हलवली.

"तो इतवार को आतूं मैं. मेरे कुत्ते को भी लातूं. दोनों खाए तो तेरी नोकरी पक्की."

नोकरी अजून कच्ची होती. पक्की होणार म्हणून गावात वडिलांनी सांगूनही टाकलं होतं. आई त्या आठवड्यात नल्लकुंटा भागातल्या माझ्या खोलीवर आली होती, हे माझं नशीब.

रविवारी सकाळी मी तिला पत्रक वाचून दाखवलं आणि दोन पातेली करायला सांगितलं. एकात काळ्या मसाल्याचा रस्सा, दुसऱ्यात नुसतं पाण्यात उकडलेलं. उकडलेल्यातली हाडं मी स्वतः बसून वेचली, बारीक तुकडे केले. कोणतं पातेलं कुणाचं हे सांगायची गरज मला वाटली नाही. शिकलेल्या माणसाला असल्या गोष्टी उघडच वाटतात.

गल्ली अरुंद, म्हणून साहेब कुत्र्याला घेऊन पायी पुढे गेले आणि ड्रायव्हरकडून गाडी नाक्यावर लावून घ्यायला मी थांबलो. परत आलो तर साहेब चटईवर बसले होते, पांढरंशुभ्र पॉमेरियन व्हरांड्यात बांधलं होतं आणि आईने ताट वाढलं होतं. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. साहेब चावत होते. बराच वेळ चावत होते.

"हलकं असतं, साहेब," मी म्हणालो. "चरबी जवळजवळ नाहीच."

"हौ," ते म्हणाले. "कुछ भी नहीं है इसमें."

तेवढ्यात आई रश्श्यात कुस्करलेली भाकरी घेऊन व्हरांड्याकडे निघाली. वरचा लाल तवंग मला दिसला आणि मी ओरडलो, "आई, थांब! कांदा-लसणाने कुत्रं आजारी पडेल!"

साहेबांचा हात थांबला. त्यांनी आईच्या हातातल्या वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तो मेरे थाली में क्या है?"

उत्तर आईने दिलं. निजामाच्या मुलखातली ती, दखनी तिला सगळी कळे. "सायबाला चांगलं ते दिलं," ती म्हणाली. "तूच वाचलास ना, बिनतेलाचं, बिनमसाल्याचं लई पौष्टिक म्हनून? अन् हाडं तू आपल्या हातानं येचलास. इतकं कुनी कुत्र्यासाठी करतं का?"

साहेबांना अर्थ पोचला. ते आधी लाल झाले, मग त्यांना हसू आवरेना, मग ठसका लागला. आईने पाणी दिलं. "अम्मा," ते डोळे पुसत म्हणाले, "वो भाकरी इधर लाओ."

पॉमेरियनने उकडलेलं सगळं संपवून वाटी व्हरांड्यातून ढकलत पार जिन्यापर्यंत नेली. साहेबांनी घाम पुसत पुसत दोनदा रस्सा मागून घेतला. निघताना म्हणाले, "कल से तू पक्का. पर पत्रक दो बना. आदमी का अलग, कुत्ते का अलग. और दोनों पे मोटे अक्षरां में लिख, किसका कौन सा."

गाडी गेल्यावर मी आईच्या पाया पडलो. नोकरी पक्की झाल्याचं सांगितलं. तिने तोंडभर आशीर्वाद दिला, पण चेहरा उतरलेलाच.

"काय झालं?"

"पयल्यांदा दारात आलं ते बिचारं," ती म्हणाली, "अन् त्याला अळणी घालून लावून दिलं."