मुद्दाम चुकवलेली पिसं

ग्लेनाबाच्या फळ्या शीप स्प्रिंग्जच्या रस्त्यावर कुणाला ठाऊक नव्हत्या! फळीला डिंक लावायचा, चिमटीतून रंगीत वाळूच्या रेघा सोडायच्या, की देवांचं चित्र कायमचं टिकलं. टूरिस्ट ते हौसेने घेऊन जात. तिचा थोरला भाऊ हॉस्की मात्र त्या फळ्यांवर थुंकायचा, अगदी खरोखर. तो विधी करणारा गायक. त्याच्या वाळूच्या चित्रावर आजारी माणसाने बरं होण्यासाठी बसायचं, आणि काम झालं की चित्र त्याच दिवशी मोडायचं.

"देवांना डिंकात अडकवतेस, लाज वाटत नाही?" तो म्हणायचा.

"प्रत्येक फळीत मी काहीतरी मुद्दाम चुकवते," ती ठणकावायची. "खरं चित्र मी कुणाला विकलं नाही."

ते खरंच होतं. तीस वर्षांत तिने हा नेम मोडला नव्हता. पण हट्टीपणात एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं; शेवटी बोलणंच बंद झालं.

मग हॉस्कीला झटका आला. चालू-बोलू लागला, पण डोक्यातलं बरंच पुसलं गेलं. मेलेल्या बहिणीची लेक रोझलिन महिनाभर अंथरुणाला खिळलेली. तिच्यासाठी होगनमध्ये, त्यांच्या जमातीच्या गोल मातीच्या घरात, चित्र मांडताना चौथ्या देवाशी त्याचा हात अडला. ही चित्रं जाणणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. नाइलाजाने त्याने बहिणीला बोलावलं.

"आज आठवली होय डिंकवाली?" ग्लेनाबा दारातूनच म्हणाली.

"तोंड नको चालवू. आजोबा चित्र मांडायचे तेव्हा रंगाचे दगड कुटत बसायचीस ना? ह्या देवाच्या डोक्यावर किती पिसं, सांग."

ती ऐटीत बसली. पाच पिसं झरझर काढली आणि थबकली. पाच तर ती फळीवर काढायची. मग चार? चारही काढली होती. कधी तीन, कधी पांढऱ्याच्या जागी काळी.

"सांग की!" हॉस्की ओरडला. "दुकानं भरलीस, एक तरी खरं सांग!"

ठोकून देणं सोपं होतं. पण रोझलिन तिच्याकडेच बघत होती.

"मला आठवत नाही, दादा. हाताला चुकीचंच वळण लागलंय."

हॉस्कीने अर्धं चित्र तळहाताने विस्कटलं. "तू मारलंस हे चित्र!"

"आणि तू? कुणाला शिकवलंस? तुझ्या शिव्यांना कंटाळून सगळे पळाले!"

दोघांची जुंपली. रोझलिन भिंतीला धरून उठायला लागली.

"मामा, मावशी," ती म्हणाली, "मग आता मला कुणाकडे नेणार?"