नातीच्या हळदीला जाऊ गायली

"आजी, आतड्यात कॅन्सर आहे, आणि तो लिव्हरपर्यंत गेलाय," डॉक्टर बोलला.

लिव्हर म्हंजे काळीज, बकऱ्याचं आणतो तेच. संडासला रक्त पडायचं, मी मूळव्याध समजून अंगावर काढलं. मग कोलोनोस्कोपी झाली. मागनं नळी घालून आतडं बघतात. लाज वाटते, पण करून घ्या.

मी टेमघरची धवलारीण. आमच्या आगरी लग्नात हळदीपासून सगळे विधी तिच्या गाण्यावर, धवल्यावर, होतात. थोरल्याच्या पोरीचं, माज्या नातीचं, लग्न ठरलेलं. मी बोलले, "आत्ताच कापून टाका. मना हळदीला उभं राहायचंय."

"आत्ता नाही. आधी किमो." म्हंजे सलाईनमधनं औषध. त्यानं गाठी आकसल्या की आतड्याचं आन् लिव्हरचं ऑपरेशन एकदम करणार.

किमोनं बोटांना मुंग्या. गार पाण्याला हात लावला की चटका बसायचा. तोंड आलं, आवाज बसला.

धाकटी जाऊ पार्वती रोज पेज घेऊन यायची. माज्याच मागं उभी राहून गायला शिकली. एक दिस बोलली, "बाय, हळदीचा धवला सांग ना. मधलं कडवं मना येत न्हाय."

"तुला कशाला?"

"असंच."

असंच कसं? समजले मी. घरात ठरलंय, आता ही गाणार. तिची पेज तशीच ठेवली मी. तिचा गळा बघितला तरी अंगाची आग व्हायची.

मग सीटी स्कॅन झाला. गाठी आकसल्या. डॉक्टरनं ऑपरेशनची तारीख दिली, नेमकी हळदीच्या आदल्या दिसाची.

"लग्न झाल्यावर करा ना."

"आजी, नुसतं थांबलो तर गाठी परत वाढतील. आणखी किमो दिली तर चांगलं लिव्हर थकेल. हीच वेळ आहे."

थोरला बोलला, "आये, लग्न पुढं ढकलू."

मीच नको बोलले. पोरीच्या हळदीला माजं दुखणं आडवं नको.

निघायच्या सकाळी गाडी दारात. कशेळीला ट्राफिक लागते म्हणून धाकटा पोरगा घाई करत होता. पार्वती माजी पिशवी भरत होती. तिचा हात धरून खाली बसवली आन् बसल्या आवाजात धवला सांगितला. "तिसऱ्या कडव्याला मधी श्वास घेऊ नको. तुटतं."

ती रडली. मी न्हाय रडले. जळत होते.

ऑपरेशन झालं. आतड्याचा तुकडा काढला, लिव्हरचा बी. वॉर्डात आणल्यावर धाकट्यानं मोबाईलवर हळद दाखवली. नात पिवळी झालेली, आन् पार्वती माज्या जागेवर. चांगली गायली. तेच लागलं मना. बायका माना डोलवतात, माजी आठवण कुणाला?

तिसऱ्या कडव्याला तिनं मधीच श्वास घेतला. मना इतकं बरं वाटलं, हसले, तर टाके ओढले.

आता स्कॅनमधी काय दिसत न्हाय. दर काही महिन्यांनी बघायचं असतं. तुमच्या घरी असं झालं, तर डॉक्टर थांब बोलला की थांबा, चल बोलला की लग्न सोडून चला. मी गेले, म्हणून हाय.

लोक बोलतात, आजारानं माणूस मवाळ होतं. मी न्हाय झाले. पूर्ण लग्नाला आवाज पुरत न्हाय माजा, आता पार्वती गाते, मी बाजूला खुर्चीवर. ती पाणी देते, शाल देते, मी घेते. तिसरं कडवं आलं की हात वर करते. ते मीच म्हणते.